सोनेरी रंग फासलेलं मशीन आणि माझ्या सोप्यातली काली

मा. संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही हायवेवरच्या एका नव्या हॉटेलचा फोटो छापलाय, दारातच सिनेमाचा जुना प्रोजेक्टर उभा, वरपासून खालपर्यंत सोनेरी स्प्रे मारलेला, आणि खाली ओळ की जुन्या आठवणी जपणारं हॉटेल. फोटो बघता बघता माझा चहा गार झाला. त्या मशीनला जी फिल्म लावलीय ती गेटच्या, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीच्या, वर लूप (फिल्मचा सैल वळसा) नाही, खाली लूप नाही, पायजम्याच्या नाडीसारखी सरळ ताणून बांधलीय. चालू केलं तर पहिल्या सेकंदालाच तुटणार. अर्थात चालू कोण करतंय म्हणा, ज्या भोकातून तेल घालायचं त्या भोकावर पण सोनेरी रंगच मारलाय.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला मेकॅनिक. गेल्या वर्षी मी असंच एक ३५ एमएमचं मशीन एका बंद टॉकीजमधून विकत घेतलं आणि घरी आणून चालू केलं, म्हणून हे पत्र. तुमचा फोटो बघून चार जणांना हौस येणार, यायलाच पाहिजे, पण मला जे आधी कोणी सांगितलं नाही ते त्यांना आधी कळलेलं बरं. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण ऑपरेटरमामांचा भाग तेवढा कापू नका.

सिनेमाचा आणि एसटीचा संबंध नव्या पोरांना माहीत नसेल. पिक्चर गावात यायचा तो पत्र्याच्या पेटीतून आणि पेटी यायची एसटीच्या टपावरून. तीन तासांचा पिक्चर म्हणजे सोळा हजार फुटांच्या वर फिल्म, मिनिटाला ९० फूट जाते, करा हिशोब. हजार हजार फुटांची सोळा-सतरा रिळं, उचलताना कंबर लागायची. मी शाळेत असताना शुक्रवारी स्टँडवर आमची पोरं उभीच, "पेटी आली का?" पेटी आली की टॉकीजचा माणूस हातगाडी घेऊन यायचा आणि आम्ही मागून ढकलत जायचो, त्या ढकलण्यावर कधी कधी फुकट पिक्चर. केबिनच्या भोकातून बघायला मिळालं तर मी पडद्याकडं कमी आणि मशीनकडंच जास्त बघायचो. ते वेड डोक्यात राहिलं ते थेट साठीनंतर बाहेर आलं. आमची मंडळी म्हणतात बाकीचे रिटायर झाल्यावर काशीला जातात आणि तुम्ही भंगारात.

आधी पुण्यात शोधलं. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी दोन-तीन चकरा मारल्या, तिथून कोणीतरी एका अँटिकवाल्याकडं पाठवलं. त्याच्याकडं मशीन होतं, चकाचक पॉलिश, किंमत सांगितली दीड लाख. मी झाकण उघडून बघितलं तर आत स्टारव्हीलच नाही. म्हटलं, याचा स्टार कुठाय? तो म्हणाला, काका, लाईट लावला की मस्त दिसतं, बल्ब आम्ही फिट करून देतो. म्हणजे दीड लाखाचा टेबललॅम्प. चूक त्याची पण नाही, गिऱ्हाईक तेच मागतं.

स्टारव्हील म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण विकत घेणाऱ्यानं बाकी काही नाही बघितलं तरी चालेल पण हे बघितलंच पाहिजे. फिल्म सरळ सरकत नसते. एक फ्रेम गेटमध्ये येते, थांबते, पडद्यावर दिसते, मग झटक्यात पुढची येते, असं सेकंदाला २४ वेळा. मोटर तर गोल गोल फिरते, मग थांबत थांबत चालवायचं कसं? तर चार खाचांचा एक स्टार असतो आणि त्याच्या शेजारी एक पिन असलेली चकती. चकतीचा एक फेरा झाला की पिन खाचेत शिरते आणि स्टार पाव फेरा फिरतो, बाकी वेळ स्टार जागेवर घट्ट. स्टारच्या दांड्यावर सोळा दात्यांचा स्प्रॉकेट, म्हणजे फिल्म ओढणारं दातेरी चाक, असतो, पाव फेऱ्यात चार दाते, आणि फिल्मच्या कडेला एका फ्रेमला भोकं चारच. बसलं की नाही गणित! चकती मिनिटाला १४४० फेरे मारते, आणि वर्कशॉपमधल्या चार पोलच्या मोटरच्या प्लेटवर हाच आकडा आम्ही आयुष्यभर वाचत आलो, १४४०. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही, खोटं नाही सांगत. फिल्म सरकते तेवढ्या वेळात शटरची पाती उजेड अडवते आणि एकेक फ्रेम दोनदा दाखवते म्हणून डोळ्याला लुकलुक कमी जाणवते. म्हणजे पिक्चरच्या तीन तासांत बराच वेळ पडद्यावर अंधारच असतो आणि आपण त्याचे पण पैसे देत होतो.

तर पुण्यात काही जमलं नाही. मग आमच्या डेपोतला एक जुना कंडक्टर म्हणाला की पंढरपूरच्या पलीकडं एका तालुक्याच्या गावातली टॉकीज पाडणार आहेत, आत दोन्ही मशीनं तशीच आहेत. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलो. मालक भला माणूस, वडिलांनी टॉकीज बांधलेली, आता तिथं मंगल कार्यालय करायचंय. फिल्म कधी बंद झाली विचारलं तर म्हणाले सॅटेलाईटवरून पिक्चर यायला लागले, प्रिंट मिळेना झाली, नवीन डिजिटल मशीन घ्यायची ताकद नव्हती. तसं बघितलं तर कोडॅकसारखी कंपनी २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली आणि फुजीनं २०१३मध्ये सिनेमाची फिल्म करायचीच सोडली, तिथं तालुक्याच्या टॉकीजची काय कथा. भंगारवाला आदल्याच दिवशी येऊन गेला होता. त्यानं बिडाचा भाव वेगळा, तांब्याचा वेगळा, पितळेचा वेगळा असा हिशोब करून दोन्ही मशीनचे मिळून बावीस हजार सांगितले होते. मी अडतीस दिले. मालक म्हणाले, दोन्ही न्या, एक ठेवून मी काय करू. हे फार बरं झालं, आणि दुसऱ्यांना पण माझं हेच सांगणं आहे, केबिनमध्ये मशीनं नेहमी जोडीनं असतात, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं म्हणून. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर मध्येच एक गोल टिपका चमकून जायचा, आठवतो का? पहिला टिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा टिपका आला की इकडची खिडकी बंद आणि तिकडची उघडी. आपण हिरोईन बघत असायचो आणि ऑपरेटर टिपका. तर मिळाली तर जोडीच घ्या, एक चालवायला आणि एक पार्टला, कारण असल्या जुन्या मशीनचा नवा पार्ट सहजासहजी मिळत नाही आता.

मशीन कॅली कंपनीचं निघालं, इंग्लंडमधल्या लीड्सचं. कर्शॉ, ए., लीड्स या नावावरून ते कॅली झालं. केबिनमध्ये त्याला सगळे कालीच म्हणत, भिंतीवर एक कालीमातेचा फोटो पण लावलेला, त्याचा आणि मशीनचा संबंध आहे का हे मी विचारलं नाही.

आता मामांबद्दल. मालक म्हणाले, आमचे ऑपरेटर अजून आहेत, गावातच राहतात, बोलावू का? मी म्हटलं बोलवा की. वय ७८, धोतर, टोपी, डाव्या हाताच्या दोन बोटांवर जुने भाजल्याचे डाग. गावात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी आपला झाकण उघडून, टॉर्च लावून, मोटरला वायर जोडायच्या तयारीत. मामा दारातूनच ओरडले, "आवो मिस्त्री, करंट देऊ नगा! आदी हातानं फिरवा." मी नॉब हातानं फिरवला. अर्धा फेरा झाला आणि अडकलं. दहा-अकरा वर्षं तेल जागच्या जागी घट्ट होऊन गुळाच्या पाकासारखं झालेलं. करंट दिला असता तर स्टारची पिनच तुटली असती आणि माझे अडतीस हजार तिथंच गेले असते. मी चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडलेला माणूस, हे मला सुचायला पाहिजे होतं, पण हावरटपणात नाही सुचलं. मग रॉकेल घालून ठेवलं, चहा प्यायलो, परत फिरवलं, असं करत करत तिन्हीसांजेला ते मोकळं झालं. मामा कान लावून बसलेले. म्हणाले, "आता बोलतंय."

दुसरं त्यांनी वाचवलं ते माझा जीव म्हणायला हरकत नाही. कोपऱ्यात लोखंडी कपाटासारखा रेक्टिफायर होता. या मशीनात बल्ब नसतो, दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी ओढतात, वेल्डिंगसारखी, साडेतीन हजार अंशांच्या आसपास तापते ती, आणि त्याला डीसी करंट लागतो म्हणून एसीचा डीसी करणारा हा रेक्टिफायर. मी म्हटलं तांबं भरपूर असेल, उचला हे पण. मामा म्हणाले त्याच्या आत काचेचा मोठा फुगा आहे आणि त्यात पारा आहे, रस्त्यात फुटला तर टेम्पोसकट सगळ्यांना भोवंल. उघडून बघितलं, खरंच होता, खाली पारा चमकत. तो हात न लावता तसाच ठेवला आणि मालकांना सांगितलं की भंगारवाल्याला हे देऊ नका, आधी जाणकाराला दाखवा. लॅम्पहाऊसमधल्या, म्हणजे कार्बन पेटतो त्या पेटीतल्या, वायरींना पांढरं सुतासारखं गुंडाळलेलं होतं ते ॲस्बेस्टॉस, ते पण हातानं ओरबाडायचं नाही, पाणी मारून, तोंड बांधून, पिशवीत बंद करायचं. हे सगळं कुठल्या अँटिकवाल्यानं सांगितलं असतं?

आणि केबिनमध्ये जुनी रिळं सापडली तर आधी कडेला काय छापलंय ते वाचा. सेफ्टी लिहिलं असेल तर ठीक. फार जुनी म्हणजे १९५१च्या आधीची असतील तर नायट्रेटची असू शकतात आणि ती फिल्म पेटली की पाण्याखाली सुद्धा जळत राहते, स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करते. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ८ जानेवारी २००३ला आग लागून जुने पिक्चर गेले ते असल्याच फिल्मचे. असं काही सापडलं तर घरी न्यायची हौस करू नका, पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा. माझ्या नशिबात तसलं काही नव्हतं, चार रिळं होती, दोन उघडल्या उघडल्या व्हिनेगरचा आंबूस वास, फिल्म आक्रसून वाकडी झालेली, ती गेलीच. दोन चांगली. आणि एक पुठ्ठ्याचा खोका भरून काचेच्या स्लाईडी, गावातल्या कापड दुकानाच्या, सोनाराच्या, "धूम्रपान करू नये", आणि एक हातानं लिहिलेली, "सायकल स्टँडवर निळ्या सायकलचा दिवा चालू आहे". सायकलचा दिवा चालू राहतो कसा यावर मी आणि मामांनी बराच वेळ वाद घातला, डायनामोची असती तर उभ्या सायकलला दिवा लागणार कसा. शेवटी स्कूटर असणार आणि लिहिणारा चुकला असणार यावर मिटलं.

आता हलवाहलव. नियमाप्रमाणं केबिनला जिना बाहेरून वेगळा असतो, आग लागली तर ऑपरेटर पळावा आणि पब्लिककडं धूर जाऊ नये म्हणून. चांगली सोय, पण तो जिना दोन फूट रुंदीचा, लोखंडी, वर गंजलेला. मी गावातले हलवाहलव करणारे चौघं ठरवले होते, त्यांच्या मुकादमानं फोनवर "फ्रिज उचलतो की आम्ही" असं सांगितलं. येऊन मशीन बघितलं, एकानं हात लावून हलवून बघितलं आणि चहा प्यायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. ॲडव्हान्स गेला. मग मी डेपोतली जुनी दोस्तमंडळी बोलावली, तिघं रिटायर आणि एक अजून नोकरीत असलेला, चेनकुप्पी म्हणजे जड माल उचलायची साखळीची कप्पी घेऊन. मशीन आख्खं कधीच हलवायचं नाही. आधी वरचा आणि खालचा स्पूलबॉक्स (रिळाचा डबा) काढायचा, मग लॅम्पहाऊस, मग मधलं मुख्य डोकं, मग साऊंडहेड (आवाज वाचणारा भाग), मग मोटर, शेवटी राहतं ते बिडाचं स्टँड. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकात परत हातानं लावून ठेवायचा, वायरींना चिठ्ठ्या बांधायच्या, आणि मोबाईलवर फोटो काढायचे तर काढाच, पण चिठ्ठ्या बांधाच. फोटोत सगळ्या वायरी काळ्या दिसतात. तेल काढून टाकायचं. मी एकाचं काढलं आणि दुसऱ्याचं विसरलो, आडवं ठेवल्यावर ते रस्ताभर गळत आलं आणि टेम्पोवाल्यानं धुवायचे पाचशे वेगळे घेतले, बरोबरच घेतले.

जिन्यानं जमणार नाही हे उघड होतं. मामा म्हणाले, वर आणलं तेव्हा पण जिन्यानं नव्हतं आणलं, खिडकी फोडून आणलेलं, मागून भिंत लावली. टॉकीज पाडणारच होते, मालकांनी खुशाल सांगितलं फोडा. मग आम्ही भिंतीला भगदाड पाडलं, वरच्या गर्डरला चेनकुप्पी बांधली आणि एकेक भाग खाली सोडला. स्टँड खाली जाताना गरगर फिरायला लागलं तेव्हा सगळे गप्प झाले. खाली टेकल्यावर मामांनी टोपी काढून डोकं पुसलं. आरसा मात्र त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही. लॅम्पहाऊसमधला तो खोलगट आरसा, उजेड गोळा करून गेटवर टाकणारा, त्याला ओरखडा गेला की संपलं. तो वाकळेत गुंडाळून टेम्पोत मी मांडीवर घेऊन बसलो, आणि लेन्स जेवणाच्या डब्यात, खाली वर रुमाल. धर्मकाट्यावर वजन केलं, दोन्ही मशीनं मिळून सात क्विंटलच्या वर भरली.

एक सांगायचं राहिलं, ज्यांनी झेनॉन लॅम्पवालं नंतरच्या काळातलं मशीन घेतलंय त्यांनी लॅम्पला हात लावूच नका. तो थंड असला तरी आत दाब असतो, फुटला तर काचा बंदुकीच्या छऱ्यासारख्या उडतात. माहितगार माणसाकडून, तोंडावर जाळी लावून, तो आधी काढून घ्या आणि मगच मशीन हलवा.

रस्ता म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा धरला. दहिवडीच्या अलीकडं पोलिसानं अडवलं, ताडपत्री उचलून बघितलं आणि विचारलं, "गिरण का?" मी हो म्हणणार होतो, सोपं पडलं असतं. पुसेगावात चहाला थांबलो. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत इथं तंबू टॉकीज लागायच्या, ट्रकमध्येच मशीन, समोर तंबू, खाली मातीत बसायचं, एकीकडं बैलांचा बाजार आणि दुसरीकडं तीन-तीन तंबूंचे भोंगे. त्या ट्रकमधलं मशीन खड्ड्यातून जाऊन जाऊन सुद्धा रात्री चालायचं आणि आम्ही इथं गाद्यांवर झोपवून नेतोय याचं हसू आलं.

घरी आणल्यावर खरी गंमत. आमचं घर जुनं, तळमजला, सोप्यात शहाबादी फरशी. फ्लॅटवाल्यांनी हे नीट ऐका, राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशोबानं वजन धरलेलं असतं, त्यावर साडेतीन क्विंटल एका स्टँडवर उभं करायचं असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला नको. आमच्याकडं खाली जमीनच, तरी स्टँड टेकलं आणि एक फरशी कडेपासून कडेपर्यंत तडकली. मंडळींनी फरशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. त्यानंतर दोन दिवस जेवण वेळेवर होतं पण बोलणं नव्हतं.

मग लक्षात आलं की कार्बन घरात पेटवताच येणार नाही. चाळीस-पन्नास अँपिअर डीसी पाहिजे, आपल्या मीटरचा जीव किती. धूर होतो, चिमणी लागते, आणि फिल्म एक क्षण जरी अडकली तरी जळते. म्हणून आरशाच्या जागी १०० वॅटची एलईडी बसवली, मागं कॉम्प्युटरचा फॅन. पहिल्या वेळी साधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट देणारा डबा, लावला तर पडद्यावर काळे पट्टे वर-खाली पळायला लागले, कारण एलईडीची लुकलुक आणि शटरची लुकलुक यांचं जमेना. चांगला स्थिर डीसी देणारा ड्रायव्हर आणला तेव्हा थांबलं. ॲस्बेस्टॉसच्या वायरी सगळ्या बदलल्या.

आवाजाचं वेगळंच. फिल्मच्या कडेला आवाजाची नागमोडी पट्टी असते, तिच्यातून एका छोट्या बल्बचा उजेड जातो आणि पलीकडं फोटोसेल त्याचा करंट करतो. आणि तो आवाज चित्राच्या बरोबर शेजारी नसतो, २० फ्रेम पुढं छापलेला असतो, कारण गेटमध्ये फिल्म झटके खात जाते आणि आवाजाला ती सरळ जावी लागते, म्हणून साऊंडहेड खाली. आता मधला लूप मोठा झाला की ओठ आधी आणि शब्द नंतर. मी लावलेल्या फिल्मला तसंच व्हायचं. बल्ब एसीवर लावला होता म्हणून वरून भुंगा बसल्यासारखा आवाज. चार वेळा फिल्म तुटली. शेवटी मामांना फोन लावला. म्हटलं येता का, गाडीभाडं देतो. "गाडीभाडं कशाला, पंच्याहत्तरच्या वर एसटी फुकट हाय मला. तुमीच तर मिस्त्री एसटीचे." आले, पिशवीत धोतर आणि फिल्म जोडायचा स्वतःचा स्प्लायसर. खुर्चीत बसले आणि मला काही सांगितलंच नाही, नुसतं फिल्म लावून दाखवली. वरच्या लूपला दोन बोटं घालून माप घेतलं, खालच्या लूपला दोन बोटं, मग हातानं नॉब फिरवून लूप किती हलतो ते बघितलं. ती दोन बोटं म्हणजे डाग असलेली. मी वहीत मिलिमीटर लिहायला लागलो तर म्हणाले, तुमची बोटं माझ्याहून जाड आहेत, तुमचं माप तुम्हीच काढा. आणि बल्बला डीसी द्या एवढं एकच तोंडानं सांगितलं.

त्या रात्री भिंतीवर चादर लावली आणि रीळ चालू केलं. पिक्चरचं नाव मला अजून माहीत नाही, सुरुवातीचं रीळच नाही. रंग उडून सगळं गुलाबी झालेलं, जुन्या कलर प्रिंटचं असंच होतं, निळा-हिरवा जातो आणि लाल मागं राहतो. गुलाबी आभाळाखाली एक गुलाबी माणूस गुलाबी पायऱ्या चढतो आणि दार वाजवतो, दार उघडायच्या आत रीळ संपतं. दहा-अकरा मिनिटं. शेजारपाजारची वीसेक माणसं होती, आमची मंडळी पण आतून स्टूल घेऊन आल्या. पोरं पडद्याकडं पाठ करून मशीनकडंच बघत बसलेली. फुकटच दाखवलं, आणि ते बरोबर, रीळ आपल्याकडं आहे म्हणून पिक्चर आपला होत नाही, तिकीट लावायचं मनात पण आणू नये. मामा मशीनला पाठ लावून उभे, पडदा बघतच नव्हते. मध्येच म्हणाले, "खालचा स्प्रॉकेट बदला, दात वाकलेत." मी टॉर्च लावून बघितलं, सहा-सात दात्यांची टोकं झिजून हुकासारखी झालेली. कुठून कळलं? आवाजावरून.

म्हणून संपादकसाहेब, हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनी खुशाल दारात मशीन उभं करावं. पण ज्याचा स्टार गेलाय, आत काही शिल्लक नाही असं घ्यावं, तशी चिक्कार पडलीत आणि स्वस्त पण मिळतील. चालणारं मशीन चालवणाऱ्याला जाऊ द्यावं. टॉकीजमालकांना विनंती की भंगारवाल्याला बोलवायच्या आधी एक आठवडा थांबा आणि तुमच्या जुन्या ऑपरेटरला एकदा केबिनमध्ये बोलवा, काय ठेवायचं, काय फेकायचं, कशाला हात लावायचा नाही हे त्याला माहीत असतं. आणि घेणाऱ्यांनी मशीनच्या किमतीत त्या माणसाचे आठ-दहा दिवस पण धरावेत. मी मामांना रोजानं पैसे दिले, त्यांनी पहिल्या दिवशी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी घेतले, आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं. हे लोक आता पंच्याहत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. तुमचे वार्ताहर तालुक्या-तालुक्याला आहेत. बंद टॉकीजची बातमी देताना ते बाहेरच्या गंजलेल्या बोर्डाचा फोटो काढतात, त्यांना सांगा एकदा ऑपरेटरच्या घरी पण जा आणि पहिला पिक्चर कुठला लावला हे विचारू नका, लूप किती ठेवायचा, तेल कुठलं, कार्बन कमी होत आला की कसं ओळखायचं, ते विचारा. तेवढं छापा.

जाता जाता माझं एक काम. टॉकीजची लेन्स घरात चालत नाही हे मला सगळं झाल्यावर कळलं. गेटची रुंदी साधारण २१ मिलिमीटर, तिला पडद्याच्या अंतरानं गुणायचं आणि लेन्सच्या मिलीनं भागायचं. माझी लेन्स १०० मिलीची, टॉकीजमध्ये शंभर फुटांवर ती २१ फूट रुंद चित्र पाडायची. माझ्या सोप्यात १६ फूट अंतर, चित्र साडेतीन फुटांच्या आतच. त्या गुलाबी माणसाचं दार खिडकीएवढं पण नाही. ५० मिलीची मिळाली तर पावणेसात फूट होईल. ती लहान हॉलमध्ये, शाळा-कॉलेजच्या सभागृहात वापरायचे असं मामा सांगतात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद केबिनमध्ये असली लेन्स पडून असेल तर कृपया तुमच्या ऑफिसला कळवावं, मी येऊन घेऊन जाईन, बदल्यात दुसऱ्या मशीनचा एक स्पूलबॉक्स आणि मोटर द्यायला तयार आहे. आणि कालीच्या खालच्या स्प्रॉकेटचं पण बघा, सोळा दाती, माझ्या दुसऱ्या मशीनचा पण झिजलेलाच निघाला.

आपला,
एक वाचक
(रिटायर एसटी मेकॅनिक), सातारा